युद्धातले घर आणि युद्धातले जग : ब्रिटनमधल्या कुटुंबांच्या आठवणी

ज्यांनी १९३९ ते १९४५ ही वर्षे ब्रिटनमध्ये जाणत्या वयात काढली, ती पिढी आता नव्वदीच्या पुढे आहे. आपल्यापैकी अनेकांचा त्या पिढीशी संबंध आला आहे. कोणी त्या घरांत लग्न करून गेले, कोणी शिकत असताना अशा घरी भाड्याने राहिले, कोणी इस्पितळात त्यांची शुश्रूषा केली, तर कोणाचे आजोबा बोटीवर नोकरीला असल्याने त्या काळात ब्रिटनच्या बंदरांत उतरले होते. या सर्वांनी ऐकलेले आणि पाहिलेले येथे लिहावे, अशी विनंती आहे. घरातली हकिकत सांगताना त्याच सुमारास जगात काय चालले होते हेही शक्य तेथे नोंदवावे, कारण घरच्या माणसांच्या आठवणीत महिने आणि वर्षे बरेचदा एकमेकांत मिसळलेली असतात आणि बाहेरच्या घटनेचा आधार मिळाला की त्यांचा क्रम लागतो. सुरुवात माझ्या सासरपासून करते.

बर्कनहेड

मर्सी नदीच्या एका काठावर लिव्हरपूल आहे आणि समोरच्या काठावर बर्कनहेड. माझे सासर तेथले. माझ्या सासूबाईंचे वडील कॅमल लेअर्डच्या जहाजबांधणी कारखान्यात रिव्हेट ठोकण्याचे काम करत आणि मे १९३९ मध्ये 'प्रिन्स ऑफ वेल्स' ही युद्धनौका तेथून पाण्यात सोडली गेली तेव्हा आजेसासऱ्यांनी सात वर्षांच्या लेकीला खांद्यावर बसवून तो सोहळा दाखवला होता. त्याच उन्हाळ्यात मामेसासऱ्यांचा जन्म झाला.

१ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत ब्रिटनच्या मोठ्या शहरांतून सुमारे १५ लाख माणसे, त्यांतली निम्म्याहून अधिक शाळकरी मुले, सरकारने खेड्यापाड्यांत हलवली. सासूबाईंच्या शाळेची रवानगी उत्तर वेल्समध्ये झाली. ज्या घरात त्यांना ठेवले तेथे आपसात फक्त वेल्श बोलत आणि रविवारी दोनदा चॅपेलला जावे लागे. ३ सप्टेंबरला सकाळी सव्वाअकरा वाजता पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध सुरू झाल्याचे सांगितले, तेव्हा घरातल्या बाईंनी स्वयंपाक थांबवला आणि पुन्हा सुरू केला, एवढेच त्यांच्या लक्षात आहे. पुढचे काही महिने बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे हजारो मुलांप्रमाणे त्याही नाताळाच्या आधी घरी परत आल्या. खरा मारा सुरू झाला तेव्हा त्या घरीच होत्या. आजेसासूबाईंना हा निर्णय आयुष्यभर खटकत राहिला, पण पुन्हा पाठवायचे नाव काढले की मुलगी आजारी पडे.

विषारी वायूच्या भीतीने प्रत्येकाला मुखवटा मिळाला होता. तान्ह्या बाळांसाठी मात्र निराळाच प्रकार होता. बाळाचे डोके आणि कंबरेपर्यंतचे अंग एका पिशवीसारख्या टोपात घालायचे, समोरच्या काचेतून त्याचा चेहरा दिसत राहायचा, पाय बाहेर लोंबत राहायचे आणि आत हवा जावी म्हणून आईने बाजूचा भाता हाताने सतत दाबत राहायचे. आजेसासूबाईंनी तो एकदाच वापरून पाहिला. बाळ इतके किंचाळले की शेजारीण धावत आली, आणि भाता दाबायचा हात सोडून मोठ्या मुलीला मुखवटा कसा चढवायचा, हा प्रश्न कोणत्याच पत्रकात सोडवलेला नव्हता. पुढे तो टोप कपाटावर गेला आणि त्यात विणकामाची लोकर राहू लागली.

बागेत पुरायचा पत्र्याचा अँडरसन निवारा बागवाल्यांना मिळाला. यांचे घर चाळवजा ओळीतले, मागे फरशीचे अंगण, त्यामुळे पहिले काही महिने जिन्याखालची कोळशाची खोली हाच त्यांचा निवारा होता. १२ मार्च १९४१ च्या रात्री बर्कनहेड आणि शेजारच्या वॉलसीवर मोठा हल्ला झाला. वॉलसीच्या ढिगाऱ्यातून एक तान्ही मुलगी साडेतीन दिवसांनी जिवंत निघाली, ही हकिकत त्या भागात आजही सांगितली जाते. सासूबाईंच्या घराचे कौलारू छप्पर उडाले आणि पुढे कितीतरी काळ त्यावर ताडपत्री होती. विम्याचे कागद, शिधापत्रिका आणि ओळखपत्रे ठेवलेला बिस्किटांचा डबा आजेसासूबाईंनी त्या रात्री छातीशी धरला होता. नवऱ्याचे काय झाले हे मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळले, कारण आग पाहण्याच्या पाळीसाठी ते कारखान्यात होते.

आता 'प्रिन्स ऑफ वेल्स'विषयी. बांधकाम चालू असतानाच ऑगस्ट १९४० मध्ये हवाई हल्ल्यात तिचे नुकसान झाले होते. मे १९४१ मध्ये ती 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेशी लढली तेव्हा तोफांचे काम पुरे न झाल्याने कारखान्यांचे कामगार अजून बोटीवरच होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापाशी चर्चिल आणि रूझवेल्ट यांची भेट झाली, तेथे चर्चिल याच बोटीने गेले होते. त्या भेटीत सर्व लोकांना आपले सरकार निवडण्याचा हक्क मान्य करणारी अटलांटिक सनद तयार झाली आणि सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले की ती नाझींच्या ताब्यातल्या युरोपीय देशांपुरती आहे, हिंदुस्थानला आणि ब्रह्मदेशाला ती लागू नाही. १० डिसेंबर १९४१ रोजी मलायाच्या किनाऱ्याजवळ जपानी विमानांनी ती बोट बुडवली.

आजेसासरे शेवटपर्यंत या प्रकरणावर वाद घालत. बोटीचा पंखा फिरवणाऱ्या, डाव्या बाजूच्या बाहेरच्या शाफ्टपाशी टॉर्पेडो लागला आणि फिरत राहिलेल्या शाफ्टने बोट आतून फाडली, हे ते मेजपोशावर काट्याने रेघा ओढून दाखवत, आणि रिव्हेटांचा त्यात काहीही दोष नव्हता हे ऐकणाऱ्याकडून वदवून घेत. सनदेची गोष्ट मी पहिल्यांदा एका नाताळच्या जेवणात काढली तेव्हा टेबलावर थोडा अवघडलेपणा आला. सासूबाई म्हणाल्या, "बोट आमच्या वडिलांनी बांधली. तिच्यावर बसून कोणी काय कबूल केले, ते आम्हाला कोणी विचारले नाही." मला ते उत्तर पुरेसे वाटले.

शिध्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याविषयी सगळेच सांगतात. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकनपासून सुरुवात झाली, जुलैपासून चहा माणशी आठवड्याला दोन औंस झाला आणि मांसावरचे शेवटचे बंधन ४ जुलै १९५४ रोजी उठले. म्हणजे सासूबाईंचे सात ते बावीस हे सगळे वय शिध्यात गेले. लोण्याचे कागद त्या अजून फेकत नाहीत, केकच्या भांड्याला आतून पुसायला घडी करून फ्रिजमध्ये ठेवतात.

राजापूर तालुका, एका खलाशाची नात

बर्कनहेडच्या गोदीतून हिंदुस्थानला जाणारा माल चढत असे आणि त्या बोटींवर आमच्या गावची माणसे असत. ब्रिटनमधल्या युद्धाच्या आठवणी सांगताना खलाशी वगळले जातात, म्हणून मी लिहीत आहे. कोकणातले मुसलमान डेकवर, गोव्याचे लोक खानपानाच्या खात्यात, पंजाब आणि सिल्हेटकडचे इंजिनात, अशी साधारण वाटणी असे. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली टंडेल, आणि भंडारी स्वयंपाकाला. माझे आजोबा खलाशी म्हणून चढले आणि टंडेल होऊन घरी बसले.

युद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या पाव हिश्शाच्या आसपास होता. १९३९ च्या हिवाळ्यात ब्रिटनच्या बंदरांत हिंदी खलाशांनी पगार दुप्पट करा म्हणून बोटींवर चढण्यास नकार दिला आणि शेकडो जणांना तुरुंगात जावे लागले. आजोबांच्या बोलण्यात ही गोष्ट टॉर्पेडोपेक्षा जास्त वेळा येई. अखेर पगार वाढला, पण गोऱ्यांच्या बरोबरीला आला नाही.

सप्टेंबर १९४० मध्ये लिव्हरपूलहून कॅनडाला ९० मुले घेऊन निघालेली 'सिटी ऑफ बनारस' ही बोट पाणबुडीने बुडवली. त्यांतली ७७ मुले गेली आणि त्यानंतर मुलांना समुद्रापलीकडे पाठवण्याची सरकारी योजनाच बंद पडली. या बोटीवर बहुसंख्य खलाशी हिंदी होते आणि त्यांतले शंभराच्या आसपास मेले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. एक होडी आठ दिवस समुद्रात भरकटल्यावर विमानाच्या दृष्टीस पडली. तिच्यात सहा मुले होती आणि बाकीच्यांत हिंदी खलाशीच अधिक होते.

आजोबांची बोट दुसरी होती. तीही उत्तर अटलांटिकमध्ये बुडाली, त्यांना स्कॉटलंडला उतरवण्यात आले आणि थंडीने बधिर झालेल्या पायांवर इलाज करून घेत ते काही आठवडे ग्लासगोत राहिले. लंडनच्या इंडिया हाउसमधून हिंदी शिपायांना आणि खलाशांना लोकरी कपडे पाठवण्याची व्यवस्था होती, त्यातला राखाडी स्वेटर त्यांना मिळाला. इस्पितळात काम करणाऱ्या एका बाईंनी त्यांना रविवारी घरी जेवायला नेले. आजोबा तेथले मांस खाणार नव्हते, म्हणून बटाटे आणि पाव घेऊन बसले. ते पाहून त्या बाईंनी आत जाऊन एक अंडे उकडून आणले. अंडे तेव्हा माणशी आठवड्याला एक मिळे, आणि तेही मिळाले तर. आजोबांना हे तेव्हा माहीत नव्हते, दुसऱ्या एका खलाशाने नंतर सांगितले. इकडे गावी आजीला बोट बुडाल्याचे आधी कळले आणि ते वाचल्याचे पत्र पुष्कळ उशिरा आले, त्यामुळे मधल्या काळात तिच्या बांगड्या फुटायच्या राहिल्या होत्या इतकेच.

मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही महायुद्धांत गेलेल्या खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या युद्धातल्या सुमारे सहा हजार हिंदी व्यापारी खलाशांची नावे नोंदवहीत आहेत. आमच्या पंचक्रोशीतली कितीतरी आडनावे मी तेथे वाचली.

नॉटिंगहॅम, माजी विद्यार्थी

मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहिलो ते आजोबा युद्धात होते असे मला वाटे, पण त्यांच्याकडे पदक नव्हते. कोळशाच्या खाणीत माणसे कमी पडू लागली म्हणून मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी डिसेंबर १९४३ पासून चिठ्ठीची पद्धत सुरू केली. एक आकडा काढायचा, आणि ज्यांच्या नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा तोच असेल त्या तरुणांनी सैन्याऐवजी खाणीत जायचे. हे आजोबा विमानदलाची परीक्षा देण्याच्या तयारीत होते. गणवेश नसल्याने रस्त्यात पोलीस अडवून विचारत आणि बायका पळपुटा म्हणून टोमणे मारत. सरकारने या मुलांसाठी बिल्ला काढला तो २००८ साली. आजोबांनी तो घेतला, पण कधी लावला नाही.

ब्रॅडफर्ड, मूळ गाव कोल्हापूर

मी परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात एक वृद्ध पोलिश बाई होत्या. माझे गाव कळताच त्यांनी मला स्वच्छ उच्चारात "रंकाळा" म्हणून दाखवले आणि मग बाजारात भाव विचारण्यापुरते मराठीही बोलून दाखवले. वळिवडे हे गाव मला शिक्षकांमुळे माहीत होते, पण तेथे राहिलेले माणूस मी प्रथमच पाहत होते.

त्यांचे कुटुंब पूर्व पोलंडमधले. १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी पोलंड वाटून घेतला, आणि फेब्रुवारी १९४० मध्ये एका पहाटे रशियन शिपायांनी या लोकांना मालगाडीत भरून उत्तरेकडच्या जंगलात लाकूडतोडीला नेले. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर स्टालिनला पोलिश सैनिक हवे झाले आणि कैद्यांची सुटका झाली. वडील जनरल आंडर्स यांच्या सैन्यात गेले, आई आणि दोन मुली इराणमार्गे हिंदुस्थानात आल्या. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला छावणी उभी राहिली, तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुले, १९४८ पर्यंत राहिले. शाळा, चर्च, नाटकाचा रंगमंच, सगळे तेथे होते. वडील मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोच्या लढाईत होते. त्याच इटलीत दोन महिन्यांनी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवताना प्राण दिले, हे मी त्यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते नाव आपल्या वहीत लिहून घेतले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या याल्टाच्या बैठकीत त्यांचा प्रदेश रशियाकडे जाण्यावर शिक्कामोर्तब झाले. युद्ध जिंकलेल्या बाजूला असूनही परतायला गाव उरले नाही. वडील सैन्याबरोबर ब्रिटनमध्ये आले आणि १९४७ साली पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा झाल्यावर त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतले. राहायला अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या मिळाल्या. मला सर्वांत नवल वाटले ते त्यांच्या पहिल्या अनुभवाचे. कोल्हापुरात दूध, केळी आणि गूळ खाऊन आलेली ही मुलगी अशा देशात उतरली जेथे युद्धाच्या काळातही खुला असलेला पाव जुलै १९४६ पासून शिध्यावर गेला होता. केळी तर १९४० च्या अखेरीस बंद झाली होती आणि युद्ध संपल्यावर पुन्हा येऊ लागली होती. शाळेतल्या मुलींना केळे सोलायचे कसे हे तिने दाखवले, आणि इंग्रजी येत नसूनही वर्गात तिला पहिला मान मिळाला तो त्यामुळे.

लीड्स, मूळ गाव पुणे

वरील आठवणी वाचताना एक गोष्ट लिहावीशी वाटते. "तेव्हा सगळ्यांनी मिळून सोसले" असे माझ्या घरमालकीणबाई नेहमी म्हणत. त्यांच्या घरापुरते ते खरेही होते. आई दारूगोळ्याच्या कारखान्यात, बहीण शेतकामाच्या महिला दलात, थोरला भाऊ विमानदलातर्फे कलकत्त्याला. शिध्यामुळे गरीब मुलांना पूर्वीपेक्षा चांगले खायला मिळाले, हेही नोंदवले पाहिजे. पण त्याच भावाने १९४३ च्या शरद ऋतूत लिहिलेले एक पत्र त्यांनी मला वाचायला दिले. त्यात चौरंगीच्या फुटपाथवर झोपलेली दिसणारी माणसे सकाळी गाडीत भरून नेतात, असे वाक्य होते आणि पुढच्या दोन ओळी सेन्सॉरने कापून काढल्या होत्या. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' या वर्तमानपत्राने ऑगस्टमध्ये दुष्काळाची छायाचित्रे छापली होती. बंगालमध्ये त्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या रोगांत सुमारे ३० लाख माणसे गेली. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तांदूळ बंद झाला होता, किनाऱ्यालगतच्या होड्या सरकारनेच जप्त केल्या होत्या, भाव आभाळाला भिडले होते आणि धान्य पाठवायला जहाजे देण्यास लंडनचे युद्धमंत्रिमंडळ टाळाटाळ करत होते. घरमालकीणबाईंना पत्र पाठ होते, पण त्यांच्या शिधापुस्तकाशी त्याचा काही संबंध असेल असे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. मी तो जोडून दाखवला. त्या रागावल्या नाहीत, मात्र "सगळ्यांनी" हा शब्द त्यांनी माझ्यापुढे पुन्हा वापरला नाही.

माझगाव

बर्कनहेडचे नाव वाचून लिहीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ज्या 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, ती २४ फेब्रुवारीला बर्कनहेडहूनच निघाली होती. दारूगोळा, विमानांचे भाग आणि सोन्याच्या विटा तेथे चढल्या, कराचीला त्यावर कापूस लादला गेला, आणि या संगतीचे व्हायचे ते मुंबईत झाले. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, म्हणूनच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. आमच्या पणजीच्या स्वयंपाकघरात छतातून तापलेल्या लोखंडाचा तुकडा पडला होता, तो आजोबांनी पुष्कळ वर्षे ठेवला होता. सेन्सॉरमुळे वर्तमानपत्रांना मे महिन्यापर्यंत काही छापता आले नाही, आणि तोवर जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने सगळे सांगून टाकले होते. बर्कनहेडला त्या बोटीवर माल चढवणाऱ्यांच्या घरांत हे कधी कळले का, हे जाणून घ्यायला आवडेल.

पुन्हा बर्कनहेडहून

माझगावच्या प्रश्नाबद्दल सासूबाईंना विचारले. त्यांच्या घरात ही बातमी आल्याचे त्यांना आठवत नाही. त्या वसंत ऋतूत वॉरिंग्टनजवळच्या तळावरचे अमेरिकन शिपाई, त्यांच्याकडून मुलांना मिळणारे च्युइंगगम आणि फ्रान्समध्ये सैन्य कधी उतरणार, हेच विषय होते. त्यांचे एक काका मात्र गोदीत माल चढवण्याच्या कामावर होते. हिंदुस्थानला गेलेली एक बोट तिकडे "सगळ्या बंदरासकट" गेली असे ते नंतर कधीतरी म्हणत आणि घरचे ती काकांची नेहमीची थाप समजत. त्यांच्या कामाच्या पाळ्यांची वही मामेसासऱ्यांच्या माळ्यावर आहे. फेब्रुवारी १९४४ ची पाने त्यात आहेत का ते पाहून येथे लिहीन. ज्यांच्याकडे अशी वही, पत्र किंवा शिधापुस्तक असेल त्यांनी निदान त्याच्या पानांची छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण त्या काळचा कागद हलक्या प्रतीचा आहे आणि घडीवर तुटतो.